मुलांचा वाटा व्हिसाच्या एका ओळीत अडकवू नका

प्रति,
मा. शबाना महमूद, गृहमंत्री
मा. रेचल रीव्ह्ज, अर्थमंत्री
मा. ब्रिजेट फिलिपसन, शिक्षणमंत्री
युनायटेड किंग्डम सरकार, लंडन

स्लाउ, जानेवारी २०२६



हे पत्र तुम्हा तिघींना एकत्र लिहिते आहे, कारण एकाच मुलाचा प्रश्न तुमच्या तीन खात्यांत वाटला गेला आहे. आईबापांच्या व्हिसावर कोणती अट घालायची ते गृहखातं ठरवतं. चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांच्या भत्त्याचा, अर्ज अर्थमंत्र्यांच्या अखत्यारीतली करयंत्रणा एचएमआरसी तपासते. नर्सरीच्या मोफत तासांचे नियम शिक्षणखात्याचे. दर महिन्याच्या पगारातून कर भरणारी एखादी आई जेव्हा विचारते, की माझ्या लेकराच्या वाट्याला यातलं काहीच का येत नाही, तेव्हा प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतं. म्हणून उत्तरही तिघींनी मिळून द्यावं.

मी हिशेबनीस आहे. शनिवारी मराठी शाळा सुटली की नव्याने आलेल्या कुटुंबांसोबत बसून त्यांचे सरकारी कागद वाचते. आम्हाला इथे कायम राहण्याची परवानगी मिळून बराच काळ झाला, माझ्या मुलांना चाइल्ड बेनिफिट मिळतं, त्यामुळे या पत्रातून मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयांना पाठवली आहे. मराठीत छापते आहे ती ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांना ते वाचता यावं म्हणून.

मुद्दा एका अटीचा आहे. 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी निधीवर हक्क नाही. वर्क व्हिसावर आलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबाच्या परवानगीवर ही ओळ असते. १९९६ च्या कायद्याने इमिग्रेशनच्या बंधनाखालच्या आईबापांना चाइल्ड बेनिफिटमधून वगळलं आणि १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्याच्या ११५ व्या कलमाने ती चौकट पक्की केली. चाइल्ड बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट, बाळंतपणाचं ५०० पौंडांचं अनुदान हे सगळं त्या यादीत येतं. ओळ मोठ्यांच्या व्हिसावर असते, पण तिची झळ बसते ती मुख्यतः मुलांना, कारण ज्या रकमा नाकारल्या जातात त्यांतल्या कितीतरी मुलांच्या नावच्या असतात.

आकडे मांडते, कारण माझं काम तेच आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात चाइल्ड बेनिफिट पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलाला १७.२५ पौंड आहे. दोन मुलांचे वर्षाचे होतात २,२५१ पौंड. आता केअर होममध्ये काम करणारी आई आणि गोदामात काम करणारा बाप, दोघांचा पगार वर्षाला प्रत्येकी २५,००० पौंड धरा. प्रत्येकाच्या पगारातून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स मिळून ३,४८० पौंडांच्या आसपास कापले जातात, दोघांचे मिळून ६,९६०. म्हणजे नाकारल्या गेलेल्या रकमेच्या तिपटीहून जास्त पैसे हे घर दरवर्षी तुमच्या तिजोरीत भरतं. शेजारच्या घरात नवरा-बायको प्रत्येकी ५९,००० पौंड कमावतात आणि दोघं ब्रिटिश आहेत. घरात १,१८,००० पौंड येतात, तरी ६०,००० ची मर्यादा एकेकट्याच्या पगाराला लागते म्हणून त्यांना चाइल्ड बेनिफिट पूर्ण मिळतं. त्यांना मिळतं याबद्दल माझी तक्रार नाही, मूल वाढवायला पैसा लागतोच. पण निम्म्याहून कमी उत्पन्न असलेल्या पहिल्या घराला शून्य का, याचं उत्तर उत्पन्नात सापडत नाही, कष्टांत सापडत नाही आणि भरलेल्या करातही सापडत नाही.

आयटीत काम करणाऱ्या आमच्या लोकांचा हिशेब निराळा आहे. आरोग्य आणि केअर व्हिसावाल्यांना हेल्थ सरचार्ज माफ आहे, बाकीच्यांना तो आगाऊ भरावा लागतो. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. चौघांच्या कुटुंबाचे वर्षाला ३,६२२ आणि पाच वर्षांचे १८,११० पौंड होतात. ज्या एनएचएससाठी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी, ते नोकरदार म्हणून आधीच कर देतात, त्याच एनएचएससाठी हे वेगळे पैसे. नंतर कायम वास्तव्याच्या अर्जाची फी, २०२५ मध्ये ती माणशी ३,०२९ पौंड होती. एवढं घेतल्यावर या कुटुंबांना सरकारच्या जिवावर जगणारी समजणं कुठल्याही वहीखात्यात बसत नाही.

आता नर्सरीकडे येते. फिलिपसन बाई, हे तुमच्यासाठी आहे. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरदार आईबापांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून शाळेत जाईपर्यंत आठवड्याला ३० तास मोफत बालसंगोपन मिळू लागलं. ३८ आठवड्यांचे वर्षाला १,१४० तास झाले. योजना चांगली आहे आणि ती नेटाने पूर्णत्वाला नेल्याबद्दल तुमचं श्रेय मी मान्य करते. तिची पात्रता कामावर बेतलेली आहे: आई आणि बाप दोघांनी किमान वेतनाने आठवड्याला १६ तासांइतकी कमाई केली पाहिजे आणि कोणाचंही उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर जाता कामा नये. उद्देशही उघड आहे, बाळामुळे आईला नोकरी सोडावी लागू नये. मग याच नियमात आणखी एक ओळ घुसते: आईबापांपैकी निदान एकाला तरी सरकारी निधीवर हक्क असला पाहिजे. दोघंही वर्क व्हिसावर असले तर सगळं संपलं. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचंही तसंच. त्यात ८ पौंड भरले की सरकार २ पौंड घालतं, मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. तेही यांना नाही.

ज्यांचा व्हिसाच कामावर टिकून आहे, काम सुटलं तर देश सोडावा लागेल अशा आईबापांना काम करणाऱ्यांसाठीच्या योजनेतून वगळलं आहे. या विसंगतीचं समर्थन मला कुठल्याही धोरणपत्रात सापडलेलं नाही. तासाला ७ पौंड धरले तरी १,१४० तासांचे ७,९८० पौंड होतात. केअर होममध्ये २५,००० पौंड कमावणारी बाई तेवढे कुठून आणणार?

ती ते आणत नाही. नवरा-बायको पाळ्या वाटून घेतात. माझ्या ओळखीतलं सांगली जिल्ह्यातलं एक कुटुंब २०२२ मध्ये केअर व्हिसावर आलं. तेव्हा मुलगा एक वर्षाचा होता, मुलगी २०२४ मध्ये इथेच झाली. आई रात्रपाळी करते, बाप हीथ्रोजवळच्या गोदामात दिवसपाळी करतो. सकाळी ती घरी आली की तो बाहेर पडतो आणि रात्रभर म्हाताऱ्या माणसांना उचलून, पुसून, कूस बदलून देऊन आलेली ती बाई दिवसभर दोन वर्षांच्या मुलीमागे धावते. मुलगी दुपारी झोपली तर ही झोपते. मुलगी नाही झोपली तर तशीच पुढच्या पाळीला जाते. "ताई, झोप मी शनिवारवर ढकलते," असं ती मला अगदी सहज सांगते, आणि शनिवारी तिला मी शाळेच्या मागच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगताना बघते. तुमच्या देशातल्या वृद्धांची काळजी घेणारी माणसं कोणत्या अवस्थेत कामावर येतात याची फिकीर सरकारने मुलांसाठी नसेल तर निदान त्या वृद्धांसाठी तरी करावी.

मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याला सगळ्या मुलांना मिळणारे १५ तास मिळाले, कारण त्या तासांना व्हिसाची अट नाही. त्या १५ तासांत तो इंग्रजी बोलायला लागला, रंग शिकला, मित्र जोडले. अट नसली म्हणून इंग्लंडचं काही बिघडलं नाही.

दुसरं घर रेडिंगमधलं, पुण्याहून आलेलं, दोघंही इंजिनिअर. बाळ झाल्यावर तिने रजा घेतली, पगारी प्रसूतिरजा मिळाली, कारण ती नोकरीतून मिळते आणि सरकारी निधीत मोडत नाही. रजा संपली तेव्हा पूर्णवेळ नर्सरीचं बिल तिच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या जवळपास जात होतं. पहिले सहा महिने आई आली, मग सासूबाई आल्या. आमच्या कितीतरी घरांतली नव्या आईची सगळी मदार अशी आजीच्या सहा महिन्यांच्या भेटीवर असते. आजी परतीच्या विमानात बसली की पेच पुन्हा उभा राहतो. या मुलीने शेवटी नोकरी सोडली. सॉफ्टवेअरची चाचणी करणारी, सात वर्षांचा अनुभव असलेली बाई घरी बसली आणि तिचा कर तुमच्या तिजोरीत यायचा थांबला. अर्थमंत्री म्हणून, रीव्ह्ज बाई, हा तोटा तुम्हाला मोजता येईल.

तिचं आणखी एक नुकसान होतं आहे, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या ब्रिटिश आईला चाइल्ड बेनिफिटच्या अर्जाबरोबर नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट मिळतं. नवऱ्याच्या मोठ्या पगारामुळे रक्कम नको असली तरी अर्ज करून ठेवावा, असं सरकार स्वतः सांगतं, कारण त्या क्रेडिटने आईच्या पेन्शनची वर्षं भरतात. पेन्शन मुळात मिळायला १० वर्षं लागतात, पूर्ण मिळायला ३५. व्हिसावरच्या आईला अर्जच करता येत नाही, म्हणून तिची ती वर्षं कोरी जातात. ती पुढे ब्रिटिश नागरिक झाली, सत्तरीपर्यंत इथे राहिली, तरी ही वर्षं त्या क्रेडिटने भरून निघत नाहीत. तात्पुरत्या म्हणवल्या जाणाऱ्या अटीचा परिणाम म्हातारपणापर्यंत पोचतो, तो असा.

आजवर आम्ही हे सोसत आलो, कारण त्याला शेवट होता. पाच वर्षं कळ काढायची, मग कायम वास्तव्याची परवानगी आणि मग इतरांसारखे हक्क. हा करार कडक होता, पण दोन्ही बाजूंना ठाऊक होता. महमूद बाई, तुम्ही २० नोव्हेंबर २०२५ ला मांडलेल्या प्रस्तावाने तो करारच बदलायला घेतला आहे. पाचाची दहा वर्षं होणार. केअरसारख्या, पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या म्हणून गणलेल्या कामांना पंधरा. सरकारी निधी घेतलेला असेल तर आणखी पाच वर्षं, वर्षभराहून जास्त घेतलेला असेल तर आणखी दहा. ५०,२७० पौंडांच्या वर कमावणाऱ्यांची वर्षं मात्र कमी होणार. आणि कायम वास्तव्य मिळालं तरी सरकारी निधीवरचा हक्क नागरिकत्वापर्यंत रोखावा का, हेही तुम्ही विचारलं आहे. हे सगळं आधीपासून इथे असलेल्या, पाचव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कुटुंबांनाही लागू करण्याचा विचार आहे.

सांगलीच्या त्या कुटुंबाला हे लावून बघा. २०२२ मध्ये पंधरा मिळवले की २०३७ येतं. तेव्हा मुलगा १६ वर्षांचा असेल. चाइल्ड बेनिफिट साधारणपणे मुलाच्या सोळाव्या वर्षापर्यंत असतं, पुढे शिकत असेल तर थोडं जास्त. म्हणजे आईबापांनी पंधरा वर्षं कर भरायचा आणि मुलाचं बालपण संपत आलं की मग पात्रतेचा विचार करायचा. मुलगी इथेच जन्मली, म्हणून सलग दहा वर्षं राहिल्यावर, २०३४ मध्ये, तिला ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवून घेण्याचा हक्क मिळेल. २०२५ मध्ये त्याची फी १,२१४ पौंड होती. ती ब्रिटिश होईल आणि तरीही आईबापांच्या व्हिसावर ती ओळ असेपर्यंत त्यांना तिच्यासाठी अर्ज करता येणार नाही. आपल्याच देशाच्या नागरिक असलेल्या मुलीला तिच्या आईची कागदपत्रं दाखवून नकार देणारा नियम तुम्हाला रास्त वाटतो का?

महमूद बाई, तुम्ही १९८० मध्ये बर्मिंगहॅममध्ये जन्मलात. तुमचे आईवडील मीरपूरच्या भागातून या देशात आले, हे तुम्ही स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्या वर्षी इथे जन्मलेलं मूल जन्मतःच नागरिक होत असे; ती तरतूद १९८३ पासून गेली. चाइल्ड बेनिफिटला आजची व्हिसाची अटही तेव्हा नव्हती. हे मी टोचण्यासाठी लिहीत नाही. स्थलांतरितांच्या मुलांना पहिल्या दिवसापासून या देशाची मुलं मानलं तर ती कुठपर्यंत पोचतात, हे या सरकारमध्ये तुमच्याइतकं कोणीच जाणत नाही, म्हणून लिहिते.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा, की अट वाचूनच लोक आले, मग तक्रार कसली? अट मोठ्यांनी वाचली हे खरं. पण जी अट वाचली तीत पाच वर्षं होती. वाटेत मुदत दुप्पट-तिप्पट करणाऱ्या बाजूने 'तुम्ही मान्य केलं होतं' असं म्हणू नये. दुसरा आक्षेप असा, की भत्ते खुले केले तर भत्त्यांसाठी लोक येतील. आमच्याकडची माणसं एजंटाला लाखांनी रुपये मोजून, घरचं सोनं गहाण टाकून येतात. आठवड्याच्या २६ पौंडांसाठी कोणी असं करत नाही. ती कामासाठी येतात आणि काम देणाऱ्यांना तुमच्याच खात्याने स्पॉन्सर होण्याचा परवाना दिलेला असतो.

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांतून येतो आणि तो मला सगळ्यांत जास्त लागतो. आम्हीही काही न घेता दिवस काढले, यांनीही काढावेत, असं आधी आलेले काहीजण म्हणतात. आपण ज्या खाचखळग्यांतून गेलो त्यातूनच पुढच्यांनी जावं, हे म्हणणं मला पटत नाही. आणि आपल्या वेळी पाच वर्षं होती, हेही ते विसरतात.

चाइल्ड बेनिफिटचा हा भत्ता इथे आला कसा, याचीही आठवण करून द्यावीशी वाटते. एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ मध्ये 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक लिहून मांडलं, की मजुरी कामावर ठरते, घरातल्या तोंडांवर ठरत नाही, म्हणून मुलांसाठी समाजाने वेगळी तरतूद केली पाहिजे. हिंदुस्थानातल्या बालविवाहांविरुद्धही त्यांनी संसदेत आणि बाहेर लढा दिला होता. १९४५ मध्ये कायदा झाला, तेव्हा पैसे आईच्या हातात पडले पाहिजेत म्हणून त्या अडून बसल्या आणि ते मान्य करून घेतलं. ऑगस्ट १९४६ मध्ये दुसऱ्या मुलापासून पुढे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. ते बघायला त्या उरल्या नव्हत्या, जानेवारीतच वारल्या होत्या. त्यांचा युक्तिवाद आजही तितकाच खरा आहे. केअर होम रात्रपाळीचा पगार देताना घरी किती मुलं आहेत ते विचारत नाही, आणि त्या आईचा व्हिसा कोणता यावर तिच्या मुलांची भूक ठरत नाही.

इतर देश हे कसं करतात? कॅनडात कायम वास्तव्यावर आलेल्या कुटुंबाला बालभत्त्यासाठी थांबावं लागत नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना १८ महिने सलग राहिल्यावर, परवाना वैध असेल तर मिळतो. जर्मनीत नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या पुण्याच्या इंजिनिअरला मुलामागे महिन्याला किंडरगेल्ड मिळतं, २०२५ मध्ये ते २५५ युरो होतं. म्हणजे एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले दोघं मित्र, एक म्युनिकला गेला आणि एक रेडिंगला, तर एकाच्या मुलाला वाटा आहे आणि दुसऱ्याच्या मुलाला नाही. या देशांनी स्थलांतरितांसाठी दारं सताड उघडली आहेत असं कोणी म्हणणार नाही. त्यांनी मुलांचा प्रश्न व्हिसाच्या राजकारणापासून थोडा वेगळा ठेवला, इतकंच.

तुमच्याकडेही हे जमलेलं आहे. कोविडच्या काळात या अटीखालच्या गरीब कुटुंबांच्या मुलांना शाळेतलं मोफत जेवण तात्पुरतं दिलं गेलं, पुढे ते कायम झालं. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या दोन वर्षांच्या मुलांना मिळणारे १५ तासही या कुटुंबांना खुले झाले. मे २०२० मध्ये आठ वर्षांच्या एका ब्रिटिश मुलाच्या आणि त्याच्या आईच्या खटल्यात उच्च न्यायालयाने या अटीच्या धोरणातली त्रुटी बेकायदेशीर ठरवली. ती आईही दुसऱ्यांची सेवाशुश्रूषा करणारीच होती. त्यानंतर अट उठवण्यासाठी अर्ज करण्याच्या नियमांत सुधारणा झाली, पण तो मार्ग मुख्यतः कौटुंबिक आणि मानवी हक्कांच्या आधारे राहणाऱ्यांसाठी आहे. वर्क व्हिसावरच्या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही. एप्रिल २०२२ मध्ये संसदेच्या वर्क अँड पेन्शन्स समितीने शिफारस केली, की मुलं असलेल्या कोणत्याही कुटुंबावर ही अट पाच वर्षांहून जास्त काळ असू नये. त्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष स्टीफन टिम्स आज तुमच्याच सरकारमध्ये सामाजिक सुरक्षा आणि अपंगत्व या विषयांचे मंत्री आहेत. त्यांना बोलवा आणि विचारा.

नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात, रीव्ह्ज बाई, तुम्ही मुलांसाठीच्या मदतीवरची दोन मुलांची मर्यादा एप्रिल २०२६ पासून काढून टाकण्याची घोषणा केलीत. डिसेंबरमध्ये सरकारने बालगरिबी हटवण्याचं धोरण जाहीर केलं. दोन्हींचं मी मनापासून स्वागत करते. पण दोन मुलांची मर्यादा युनिव्हर्सल क्रेडिटमधली होती आणि या कुटुंबांना युनिव्हर्सल क्रेडिटच नाही. एका हाताने मुलांसाठी दार उघडणारं सरकार त्याच नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या हाताने याच देशातल्या दुसऱ्या मुलांची मुदत पाचावरून पंधरा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडतं, हे मला उमगत नाही.

माझं मागणं साधं आहे. ३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या काम करणाऱ्यांच्या योजना आहेत, त्यांतून व्हिसाची अट काढा. काम आणि कमाईची अट पुरेशी आहे. चाइल्ड बेनिफिटसाठी वर्षभर किंवा फार तर दोन वर्षं कर भरल्याची नोंद ही पात्रता धरा. ती नोंद एचएमआरसीकडे दर महिन्याला जमतेच, वेगळा कागद मागायची गरज नाही. मूल ब्रिटिश असेल तर तेवढंही थांबायला लावू नका. लहान मुलाला सांभाळणाऱ्या आईचं नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट भत्त्यापासून वेगळं करा, त्यात सरकारला आज एक पौंडही द्यावा लागत नाही. मुलासाठी घेतलेल्या मदतीपायी आईबापांची वर्षं वाढवू नका. आणि जे आधीपासून इथे आहेत त्यांची मुदत, ते आले त्या दिवशी जी होती, तीच ठेवा.

यातलं काय मान्य करता, काय करत नाही आणि का, ते लेखी कळवा. तुमचं उत्तर जसं येईल तसं, मराठीत आणून, ज्या पानांवर हे पत्र छापलं त्याच पानांवर छापण्याची जबाबदारी माझी.

आपली,
स्लाउमधली एक मराठी करदाती

ता. क. मराठी वाचकांसाठी. तुम्ही इंग्लंडमध्ये वर्क व्हिसावर असाल तर चाइल्ड बेनिफिटचा अर्ज, कोणी कितीही सांगितलं तरी, तुमच्या परवानगीवरची अट तपासल्याशिवाय भरू नका. चुकून घेतलेले पैसे पुढच्या अर्जात आडवे येतात. जोडीदार ब्रिटिश किंवा कायम वास्तव्यावर असेल तर त्याच्या नावाने अर्ज होऊ शकतो, मात्र आधी जाणकार सल्लागाराला विचारा. मूल तीन वर्षांचं झालं की त्याचे १५ तास मागायला घाबरू नका, त्यांना व्हिसाची अट नाही. पगारी प्रसूतिरजाही सरकारी निधीत मोडत नाही. आणि कायम वास्तव्याच्या प्रस्तावावर तुमचं मत गृहखात्याला कळवा. त्यासाठी नागरिक असण्याची गरज नाही. मुदत १२ फेब्रुवारी २०२६ ला संपते.